माटोळी बांधणारा

"दी हांगा!"

बस पुरती थांबायच्या आधीच दारातून तो हात बाहेर यायचा. काळा, केसाळ, मनगटाला देवळातला लाल दोरा. तुमच्याकडे माशांची पाटी असो, तांदळाची पिशवी असो, नाहीतर कडेवर भोकाड पसरलेलं पोर असो, हात ते उचलून आत घ्यायचा आणि त्याच्यामागून तुम्हालाही ओढायचा. "दी हांगा" म्हणजे आण इकडे. यात विचारणं नव्हतं, हुकूम होता. माझ्या आईला त्यानं एकदा फणसासकट वर घेतलं होतं, आणि आई घरी येऊन म्हणाली, "मेल्यानं आधी फणसाला सीट दिली, मग मला!"

पेडणे ते म्हापसा चालणाऱ्या एका खाजगी बसवर तो कंडक्टर होता आणि आमच्या वाड्यावरचा शेजारी. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याची बायको अजून आहे, आणि "कित्याक गो माझ्या घोवाक पुस्तकात घातलंस?" म्हणून ती माझ्या दारात उभी राहील. आमच्याकडे मोठ्या माणसालाही 'तू'च म्हणतात, बापालासुद्धा; 'तुमी' फक्त डॉक्टर-मास्तरांना. त्यात अनादर नाही. म्हणून इथेही त्याला 'तो'च म्हणते.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला दुसऱ्याच्या हातातलं ओझं बघवतच नाही. लग्नघरात मोठी भांडी उचलायला हाच, देवळात समया हलवायला हाच. विहिरीवर घागर भरून मी कमरेला लावते न लावते तोच मागून आवाज, "दी हांगा!" एकदा मी रागावून म्हटलं, "अरे, माझ्या हातांना काय लकवा झालाय?" तर घागर घेऊन पुढे चालता चालता म्हणाला, "तुजे हात इंजेक्शनां मारपाक. हें काम माझें."

इंजेक्शनांचं खरं होतं. मी गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. सगळा गाव त्यांना 'दोतोर' म्हणे. वय साठीच्या पुढे, अंगानं काटकुळे, जिभेनं तिखट. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे घर. दोतोरांचं आणि ह्याचं फार जमायचं. दोतोर त्याला शिव्या घालायचे आणि तो त्यांच्या बागेतले नारळ न विचारता उतरवून, सोलून, स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा.

आणि दोतोरांच्या गणपतीची माटोळी तोच बांधायचा. तुम्ही गोव्याबाहेरचे असाल तर सांगते. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली नि बागेतली फळं-फुलं बांधतात. काकड्या, चिबूड, तोरिंजनं, लालभडक कवंडळं, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, नारंगी कांगणांचे झुपके, आणि मधोमध नारळांची पेंड, म्हणजे घोस, नि सुपारीचा अख्खा घड. ती माटोळी. तिच्याशिवाय चवथ नाही.

रानातला माल आणायला तो चवथीच्या आधी मोपाच्या सड्यावर जायचा. आज तिथे विमानं उतरतात. तेव्हा नुसतं गवत, कातळ आणि झुडपं होती. संध्याकाळी पाठीवर भारा घेऊन परत यायचा तेव्हा भाऱ्याखाली माणूस दिसायचा नाही, फक्त पाय दिसायचे. वाड्यावरच्या निम्म्या घरांच्या माटोळ्या त्याच्या हातच्या. दोतोरांची मात्र सगळ्यात शेवटी, सावकाश, चहा पीत. खाली कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून दोतोर टीका करायचे, "वांकडी जाल्या रे." वरून उत्तर यायचं, "तुमची मान वांकडी, दोतोर."

मग भाषेची चळवळ आली.

गोवा वेगळं राज्य व्हायच्या आधीचे ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना काही सांगायला नको. मराठी की कोंकणी, ह्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. आमचा कंडक्टर कट्टर मराठीवाला. लहानपणी भजनं मराठी, पोथी मराठी, शाळा मराठी. त्याच्या लेखी विषय संपला होता. बसच्या पायरीवर उभा राहून तो गर्जना करायचा, "राजभास मराठी जावंकूच जाय!"

आता ही घोषणा कोंकणीत होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. दोतोर कोंकणीवाले. दवाखान्याच्या ओसरीवर त्यांनी कोंकणीचा फलक लावला होता. ते ओसरीवरून ओरडले, "अरे शाण्या, घोषणा तरी मराठींत दी!" बसमधली माणसं खो-खो हसली. मीही हसले. तो हसला नाही. त्याचा चेहरा उतरला, आणि त्या दिवसापासून त्यानं दवाखान्याची पायरी सोडली.

गंमत बघा, दोतोर रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचल्याशिवाय तोंडात चहा घालत नसत. आणि हा, मराठीसाठी डोकं फोडायला तयार असलेला, घरात, बसमध्ये, झोपेतसुद्धा कोंकणीच बोलायचा. दोघांनाही हे कोणीतरी सांगायला हवं होतं. पण त्या दिवसांत असं सांगणाऱ्यालाच दोन्हीकडून जोडे बसत.

थंडीच्या दिवसांत एकदा रस्ते अडवायचं ठरलं. आमच्या वळणावर आडवा टाकायला पडलेल्या एका माडाचं खोड आणायचं होतं. चौघं जण त्याला झोंबत होते. हा पुढे झाला. "दी हांगा!" खोडाचं जड टोक त्यानं एकट्यानं खांद्यावर घेतलं, चार पावलं टाकली आणि मट्कन खाली बसला. पाठीत काहीतरी सणकलं होतं. बरं, ज्या रस्त्यावर ते खोड टाकलं त्या रस्त्यावर फक्त ह्याचीच बस चालायची. ती तर त्यानं सकाळीच बंद ठेवली होती!

पण पाठ गेली ती गेली. दुखणं थांबलंच नाही, वाढलं. आणि गावानं त्या दुखण्याचं बारसं करून टाकलं: 'चळवळीची कंबर'. "कशी आहे चळवळीची कंबर?" असं लोक आदरानं विचारायचे. वाचनालयात त्याचा सत्कार झाला. शाल घातली, नारळ दिला. वाकून नारळ घेताना त्याला इतकी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भाषाप्रेमानं गहिवरला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी त्याला म्हटलं, "दोतोरांना एकदा दाखव."

"थंय पाय दवरचो ना. पायरी चढचो ना."

"अरे, भांडण भाषेचं. पाठीला कुठली भाषा?"

"बाय, मराठीपायीं मोडिल्ली कंबर कोंकणीवाल्याक दाखोवं? लोक थुंकतले म्हज्या तोंडार."

झालं. म्हापशाच्या फार्मसीतून दुखण्याच्या गोळ्या आणायचा. शर्टाच्या खिशात तिकिटांच्या जोडीला त्या गोळ्यांची पट्टी असायची. चॉकलेटं खावीत तशा खायचा. केरीच्या एका म्हाताऱ्याकडे पाठ चोळून घ्यायला जायचा. तोंडाची चव गेली, पोट साफ होईना, तहान तर अशी की बस थांबेल तिथे उतरून कोणाच्याही दारात, "उदक दी गो, बाय." रंग फिका पडला. आम्ही म्हटलं, धावपळ. आम्ही म्हटलं, उष्णता. आम्ही काय काय म्हटलं! सगळ्याला एकच उत्तर तयार होतं, ते माडाचं खोड.

मग राज्य झालं. फटाके वाजले, पेढे वाटले. भाषेचा निकाल त्याआधीच लागला होता: राजभाषा कोंकणी, कामकाजात मराठीही चालेल. त्यावर कोण खूश, कोण नाराज, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि चवथ जवळ आली.

चवथीच्या आदल्या दिवशी मी दोतोरांच्या घरी मदतीला होते. माटोळीची रिकामी चौकट टांगलेली होती आणि दोतोरांच्या पत्नी, आमच्या बाई, तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा सुस्कारे टाकत होत्या. बांधणार कोण, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. दोतोर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. पान मात्र उलटत नव्हतं.

दारात सावली पडली. तो उभा होता. एका हातात कांगणांचे झुपके, दुसऱ्या हातात दोर. सड्यावर स्वतः जाववलं नव्हतं, कोणाकडून तरी आणवलं होतं. मी त्याला रोज बघत होते, तरी दाराच्या चौकटीत उभा राहिलेला तो मला वेगळाच दिसला. शर्ट त्याच्या अंगावर लांब झाला होता. माणूस बारीक होतो, ठीक आहे. हा बुटका झाला होता!

"माटोळी बांधूंक आयलां," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "गणपतीकडेन म्हजें झगडें ना."

बाईंनी पटकन डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या. तो स्टुलावर चढला, भिंत धरून. मी एकेक वस्तू वर देत गेले. काकड्या, चिबूड, घागऱ्या. गाठी मारताना तो मधेच थांबून श्वास घ्यायचा. दोतोरांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते. डॉक्टर बघतो तसं.

शेवटी सुपारीचा घड राहिला. मी उचलायला वाकले, तर दोतोरच उठले. त्यांनी तो घड उचलला, स्टुलापाशी नेला आणि वर धरला. चळवळीनंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर आले. मग तो हसला, अगदी बसच्या दारात हसायचा तसा, आणि उजवा हात पुढे केला.

"दी हांगा!"

त्यानं घड घेतला, वर उचलला, आणि आवाज आला.

तो आवाज मी अजून विसरलेले नाही. वाळलेली काटकी पायाखाली यावी तसा, एवढाच. घड खाली आदळला, सुपाऱ्या सगळ्या खोलीभर घरंगळल्या. त्याचा दंड मधूनच वाकला होता, जिथे माणसाचा हात कधी वाकत नाही तिथे. तो ओरडला नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा, आणि म्हणाला, "हें कितें जालें?"

देवा रे! सुपारीचा घड! फणस झेलणारा, माणसं ओढून वर घेणारा हात सुपारीच्या घडानं मोडला. बाई चहाचा पेला घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. दोतोर पांढरेफटक पडले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कशालाच घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आम्ही त्याला उतरवलं, हाताला फळी बांधली. दोतोरांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली. एका मणक्यावर बोट टेकताच तो कळवळला.

"कधींसावन दुखता?"

"चळवळीसावन."

"वखद कितें घेताय?"

त्यानं चांगल्या हातानं खिशातली पट्टी काढून दिली. दोतोरांनी ती पाहिली आणि भिंतीवर भिरकावली. "म्हज्याकडे कित्याक येवंक ना?" ते ओरडले. "हांव मेल्लों? कित्याक येवंक ना तूं?"

तो खाली मान घालून, एखाद्या पोरानं सांगावं तसा म्हणाला, "तुमी कोंकणीवाले न्हय?"

दोतोर मट्कन जमिनीवर बसले, सुपाऱ्यांमध्येच. मीही तोंडाला पदर लावला. माणसानं आपल्या दुखण्याला एक झेंडा देऊन ठेवला होता, आणि दुसऱ्या झेंड्याच्या घरात औषध होतं म्हणून तो पायरी चढला नव्हता. वळणावरून दवाखाना दिसायचा. त्याची बस रोज तिथूनच जायची.

दोतोर भानावर आले आणि गाडी काढायला उठले, तर हा हलायला तयार नाही. "माटोळी अर्दी दवरून हांव वचना." हात मोडलेला, चेहऱ्यावर घामाच्या धारा, पण हट्ट तोच. शेवटी दोतोर स्टुलावर चढले. आयुष्यात कधी गाठ न मारलेले ते हात. हा कदेलीवर बसून खालून सांगत होता, "थंय न्हय, दोतोर. मदीं. वांकडी जाल्या." दोतोर सोडायचे, पुन्हा बांधायचे. त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या.

मधे त्यानं तीनदा पाणी मागितलं. खाली उतरल्यावर दोतोरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्याची लघवी तपास."

हे काम माझ्या हातचं. गरोदर बायकांची मी रोज तपासायची. काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. गढूळ झाली तर त्यात प्रथिन जातंय. मी नळी धरली. कोमट होताच ती दुधाळ झाली. "गढूळ," मी म्हटलं. दोतोर शेजारी उभे होते. "आनीक तापय," ते म्हणाले. मी तापवत राहिले. नळी उकळू लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो सगळा गढूळपणा नाहीसा झाला. पाण्यासारखी स्वच्छ. असं कधी होत नाही! नेहमीचं प्रथिन उकळल्यावर तसंच राहतं. दोतोरांनी दिवा विझवला. नळी निवत गेली आणि ते दूध परत आलं.

"कॉलेजांत वाचिल्लें," दोतोर हळू आवाजात म्हणाले. "पळोवंक आज मेळ्ळें." आणि नळी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.

पणजीला नेलं तेव्हा मी बरोबर होते. मांडवीवरचा पूल आदल्या वर्षीच कोसळला होता, फेरीबोटीतून गाडी न्यावी लागे. इस्पितळात फोटो काढले, रक्त घेतलं, छातीच्या हाडात सुई घालून मगज काढला. डोक्याच्या हाडाचा फोटो दोतोरांनी खिडकीच्या उजेडाला धरला. कवटीत गोल गोल भोकं होती. कोणीतरी गिरमिटानं पाडावीत तशी साफ, कडा नसलेली. मी तोंड फिरवलं. ह्या डोक्यावर तो टोपी तिरकी घालायचा, ह्याच डोक्यावर तांदळाचं पोतं घ्यायचा.

रोगाचं नाव मायलोमा. तोपर्यंत मी ते ऐकलंही नव्हतं. त्याला ते दोतोरांनीच समजावलं, खाटेच्या कडेला बसून, त्यांच्या कोंकणीत. हाडांच्या आत मगज असतो आणि रक्त तिथे तयार होतं. त्यात काही पेशी अशा असतात की बाहेरून रोग आला की त्याच्याशी लढणारी द्रव्यं त्या करतात. गावच्या शिमेवर आपला राखणदार असतो ना, तसं त्यांचं काम. त्यातली एखादी पेशी बिघडते, तिच्यासारख्याच असंख्य होतात. राखण सोडून त्या एकच बिनकामाचं प्रथिन करत बसतात, आणि त्यांच्यापायी हाडं आतून झिजतात. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं, म्हणून तहान, म्हणून पोट बांधलेलं. रक्त कमी होतं, म्हणून फिकटपणा. ते प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. त्यात दुखण्याच्या गोळ्या पडल्या की मूत्रपिंडाचं काही खरं नाही.

तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "राखणदारूच फिरलो, दोतोर? आमी दर वर्सा रोट दितांव. कांय चुकलें?"

आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दरवर्षी भाकरीचा रोट देतात. तो कधी चुकवायचा नाही.

"तुजें कांय चुकूंक ना," दोतोर म्हणाले.

"मागीर कोणाचें चुकलें?"

दोतोरांनी त्याची चादर सारखी केली. मग त्यांनी सांगितलं की ह्या रोगाला भाऊबंद आहेत. काहींच्या रक्तात ते प्रथिन नुसतंच सापडतं, कसलाच त्रास नसतो, फक्त लक्ष ठेवायचं. काहींच्या एकाच हाडात गाठ येते. सगळ्यांचं सारखं नसतं. तर हा म्हणतो, "आनी म्हाका थोरलो भाऊ मेळ्ळो!" वॉर्डातले लोक वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं हसला.

मग हसू ओसरलं. "दोतोर, तो माड?"

"माडान कांय केलें ना. हाड आदींच पोखरिल्लें. माड ना जाल्यार तें आनीक कशान तरी मोडपाचें."

तेव्हा मात्र त्याचा चेहरा बघवेना. रोगाचं ऐकून तो हसला होता, आणि हे ऐकून कोसळला. "म्हणजे चळवळींत म्हाका कांयच जावंक ना? आनी ती शाल? लोकांनी म्हाका फुकट शाल घाली?" मला म्हणाला, "बाय, ती शाल वाचनालयाक परत दी." खरंच सांगते, त्याला चोरी पकडल्यासारखी लाज वाटत होती.

घरून आणलेल्या बोचक्यात ती शाल होती, त्याच्या बायकोनं थंडीसाठी घातलेली. दोतोर उठले, त्यांनी ती काढली, झटकली आणि त्याच्या खांद्यावर घातली. मोडक्या हाताला धक्का न लावता नीट गुंडाळली. "पोखरिल्ल्या हाडांनी तुवें माड उखललो," ते म्हणाले. "ही शाल तुजीच." मराठीच्या सत्काराची शाल कोंकणीच्या दोतोरांनी पुन्हा घातली, आणि तो त्यांच्या पोटात तोंड खुपसून रडला.

गोळ्या सुरू झाल्या. आज ह्या रोगावर बरीच नवी औषधं आहेत, माणसं वर्षानुवर्षं जगतात, कामं करतात. मी स्वतः अशी पाहिली आहेत. तेव्हा हातात फार थोडं होतं. तरी त्याला काही महिने बरे गेले. रंग परत आला, तहान कमी झाली. तुम्हाला म्हणून सांगते, पाठ हटत नसेल, अंगात रक्त नसेल, तर गोळ्या गिळत बसू नका, दाखवा! कोणाच्या दारावर कुठला फलक आहे ते बघू नका. माझं डोकं ह्या गोष्टीवर अजून फिरतं.

त्या बऱ्या दिवसांत तो बसच्या थांब्यावर येऊन बसायचा. बसवर दुसरा कंडक्टर होता. एकदा मी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरले. त्याचा हात सवयीनं पुढे आला. "दी..." म्हणाला आणि थांबला. हात तसाच हवेत. मग तो मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "ना गो बाय. आज तूंच व्हर." मी घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रस्त्यातच रडले असते.

पुढची चवथ यायच्या आधी मूत्रपिंडानं हात टेकले. अंग सुजलं, गुंगी येऊ लागली. एका सकाळी त्याला पणजीला न्यायला दोतोरांनी गाडी त्याच्या अंगणात आणली. वाड्यावरचे सगळे पुरुष जमले. ज्यांच्या लग्नांत ह्यानं भांडी उचलली, ज्यांची पोरं बसमध्ये घेतली, ते सगळे. आणि कोणीही हात लावायला धजेना! प्रत्येकाला भीती, आपण धरलं आणि मोडलं तर? एकमेकांकडे बघत उभे होते. एवढी सगळी धडधाकट माणसं!

त्यानं डोळे उघडले. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बारीक आवाजात म्हणाला, "अरे, घेयात मरे कोणी तरी."

गर्दीतून दोतोर पुढे झाले. काटकुळे, म्हातारे, धाप लागलेले. ते खाटेपाशी वाकले, दोन्ही हात त्याच्या अंगाखाली घातले आणि म्हणाले, "दी हांगा."

तो हसला. त्यानं चांगला हात त्यांच्या गळ्यात टाकला आणि आपलं सगळं ओझं देऊन टाकलं. मग बाकीचे पुढे आले, चादरीच्या कडा धरल्या, आणि त्याला गाडीत ठेवलं. तो परत आला नाही.

त्या वर्षी दोतोरांच्या घरी माटोळी बांधायला दोघे-तिघे विचारून गेले. दोतोरांनी नको म्हटलं. चवथीच्या आदल्या दिवशी ते स्वतः स्टुलावर चढले. मी खालून एकेक वस्तू देत गेले. काकड्या झाल्या, चिबूड झाला, कांगणां झाली. शेवटी सुपारीचा घड मी दोन्ही हातांनी उचलून वर धरला.

दोतोरांनी हात पुढे केला. त्यांचे ओठ हलले, पण ते दोन शब्द बाहेर येईनात. हात पुढे तसाच, आणि घड माझ्या हातात तसाच. खाली बाई निरांजनं पुसत होत्या, त्यांचंही काम थांबलं. आम्ही किती तरी वेळ तसेच उभे होतो.